आठ चांदण्यांची गाडी

मोटारी विकणाऱ्या बाईला सोलापुरात दोनच प्रश्न विचारले जात. पहिला, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "साहेब कुठायत?" पहिल्याचं उत्तर मला पाठ होतं. दुसऱ्याला मी सांगायची, "साहेब जेवायला गेलेत, तोवर मी दाखवते." असे माझे साहेब पंचवीस वर्षं जेवत होते.

सात रस्त्याजवळच्या आमच्या शोरूममधून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. या धंद्याबद्दल बाहेरच्यांचा समज असा, की आम्ही गोड बोलून गाडी गळ्यात मारतो. खरं तर गिऱ्हाईक रंग घरातून ठरवून येतं, मॉडेल वाटेत मेव्हण्याला फोन करून ठरवतं, आणि आमच्याकडे येऊन पायाखालची मॅट फुकट मागतं. आम्ही हो म्हणायचं आणि हार तयार ठेवायचा. यात गळ्यात मारण्यासारखं काही उरतच नाही. पण मी एकदा मारलं, आणि तेसुद्धा तोंडातून एकच शब्द काढून. त्याची ही हकीकत.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी पुण्याहून कंपनीची केतकी नावाची मुलगी आली. हुशार, लाघवी, आणि गळ्यात ओळखपत्र घालूनच जन्मलेली असावी अशी. तिच्याबरोबर चार मोठे फलक होते. गाडी किती सुरक्षित आहे हे गिऱ्हाइकाला कसं दाखवलं तर पटकन कळतं, ते कंपनीला शोधायचं होतं. काचेवरचं स्टिकर सरकारी नमुन्याचं असतं, त्याला हात लावता येत नाही. पण शोरूममधला फलक कंपनीच्या हातातला. म्हणून महिनाभर आम्ही येईल त्याला चारही फलक दाखवायचे, कुठला आवडला ते विचारायचं आणि फॉर्म भरून घ्यायचा.

पहिल्या फलकावर तारे होते. दुसऱ्यावर शंभरपैकी गुण. तिसऱ्यावर फ्रिजवर असते तशी लाल-पिवळी-हिरवी पट्टी. चौथ्यावर शाळेतल्यासारखी अ, ब, क, ड श्रेणी.

हे तारे येतात कुठून, ते थोडक्यात सांगते. नवी कोरी गाडी घेतात आणि जोरात ठोकळ्यावर नेऊन आपटतात. आत माणसांच्या मापाच्या बाहुल्या बसवलेल्या असतात, मोठ्यांच्या आणि पोरांच्याही. कुणाच्या डोक्याला, छातीला, मानेला किती मार बसला ते यंत्रं मोजतात. त्यावरून मोठ्यांच्या संरक्षणाचे वेगळे तारे आणि लहानांच्या संरक्षणाचे वेगळे तारे मिळतात. दोन्हीकडे जास्तीत जास्त पाच. आमच्या सगळ्यात खपणाऱ्या गाडीला मोठ्यांचे पाच होते आणि लहानांचे तीन.

आमचे मॅनेजर हिरेमठसाहेब फलक बघून म्हणाले, "मॅडम, ज्यात आपली गाडी बरी दिसती तेच लोकांना आवडलं पायजे. बगा की जरा."

"साहेब, मत लोकांचं विचारायचंय."

"लोकांचंच हो. पण आपल्या हातनं."

पहिल्याच दिवशी केतकीच्या सर्वेक्षणाचा बोजवारा उडाला. तारे बघून निम्म्या लोकांनी विचारलं, "पाच स्टार म्हणजे पेट्रोल कमी खाती ना?" फ्रिज आणि एसीनं त्यांना तसंच शिकवलेलं. केतकी प्रत्येकाला समजावत राहिली; दुपारपर्यंत तिचा घसा बसला.

रंगीत पट्टीचं त्याहून वाईट. पूर्व भागातल्या पद्मा अक्का सूनबाईंना घेऊन आल्या होत्या. त्यांच्या घरी तीन पिढ्या चादरी विणतात, त्यामुळे रंगाबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी पट्टीच्या लाल टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही दे. लाल."

"अक्का, लाल म्हणजे धोका," केतकी म्हणाली.

"लाल म्हणजे धोका?" अक्का सुनेकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलल्या. दोघी खुदकन हसल्या. "अगं पोरी, लग्नात आम्ही काय हिरवा सिग्नल नेसतो का?" कपाळावरच्या कुंकवाकडे बोट दाखवून त्यांनी फॉर्मवर लाल पट्टीखाली सही ठोकली. त्याच दुपारी एका सरपंचांनी पट्टी बघूनच हात जोडले. निवडणूक तोंडावर होती. लालवर बोट ठेवलं काय, पिवळ्यावर काय नि हिरव्यावर काय, कुणीतरी फोटो काढणारच, म्हणाले.

श्रेणीच्या फलकाला एका शाळामास्तरांनी निकालात काढलं. "बाई, आम्ही 'ड' कुणालाच देत नाही. वरून आदेश आहे. मग तुमच्या 'अ'वर मी विश्वास कसा ठेवू?"

पण गंमत आणली दुधनीच्या तूरवाल्या शेठजींनी. त्यांना गुणांचा फलक पसंत पडला. घरी कानडी, दुकानात मराठी, त्यामुळे दोन्हीची मिसळ करून त्यांनी विचारलं, "यष्टु री? किती मार्क हाय?"

"शंभरात ब्याऐंशी."

शेठजींनी ओठ चावला, खुर्ची पुढे ओढली. "पंच्याऐंशी करा. आत्ता बुक करतो."

"शेठजी, हे मार्क आहेत, भाव नाही."

"बरं, तुमचं बी न्हाय, माजं बी न्हाय. चौऱ्याऐंशी."

केतकीनं फॉर्मवर काय लिहिलं कोण जाणे. मी आत जाऊन तोंडावर पदर धरून हसून घेतलं.

त्याच आठवड्यात, केतकी पुण्याला परतल्यावर, मैंदर्गीचे बिराप्पा आले. पिढीजात मेंढपाळ. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि बाजारात जनावर बघतात तशी नजर. मुलगा सिद्धू सोलापुरातच टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. घरात पहिली गाडी येणार म्हणून सगळे आले होते, चार वर्षांची नात रेणूसुद्धा. बिराप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर काठी वाजवली आणि बॉनेट उचलायला लावलं. आत वाकून म्हणाले, "दात कुटं बघायचं हिचं?"

मी त्यांना ताऱ्यांच्या फलकापाशी आणलं. वर मोठ्या माणसाचं चिन्ह आणि पाच तारे, खाली पोराचं चिन्ह आणि तीन तारे.

"चांदण्या व्हय?" ते म्हणाले. "त्या दुसऱ्या दुकानातला गडी म्हनला, त्येंच्या गाडीला पाच हायत. तुमच्या किती?"

मी सांगणार, एवढ्यात रेणूनं बोट लावून मोजायला सुरुवात केली. वरचे पाच मोजले आणि न थांबता खालचेही मोजले. "आठ!" ती ओरडली.

"आठ!" बिराप्पांचे डोळे चमकले. "लई हुशार हाय माजी नात. व्हय की वो बाई, आठच हायत नव्हं?"

आता इथं मी सांगायला हवं होतं, की आबा, असे मिळवायचे नसतात. वरचे तुमचे, खालचे हिचे. मला ते माहीत होतं. पण पोरगी टाळ्या पिटत होती, आजोबा खुशीत होते, महिनाअखेरीला चार दिवस होते आणि हिरेमठसाहेब काचेपलीकडून अंगठा दाखवत होते.

मी म्हणाले, "व्हय आबा. आठ."

त्यांनी तिथल्या तिथं गाडी बुक केली.

खोटं एकदा खपलं की त्याला पाय फुटतात. या खोट्याला एसटीचा पास मिळाला. पुढच्या दहा-बारा दिवसांत मैंदर्गीकडची माणसं येऊ लागली आणि दारातूनच विचारू लागली, "ती आठ चांदण्यांची गाडी कुटली?" तिघांनी बुकिंग केलं. मीही आता सरावले होते. बदलीवर आलेल्या एका नवराबायकोला तर मी कुणी न विचारताच म्हणाले, "मिळून आठ तारे आहेत बघा." कडेवर त्यांचा मुलगा होता. त्यांना हवा तो रंग तयार होता, म्हणून आठवड्यातच गाडी घेऊन गेले. हार मीच घातला.

सर्वेक्षणाचा महिना संपला, फॉर्म पुण्याला गेले. मग केतकीचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"मॅडम, तुमच्या शोरूमची इथे खूप चर्चा आहे! सूचनांच्या रकान्यात बऱ्याच जणांनी 'आठ तारे' लिहिलंय. आमचे सर म्हणतायत, या भागातल्या ग्राहकांना पाचपेक्षा आठाची मोजपट्टी जास्त समजते. त्यावर सादरीकरण करणार आहेत. तुम्हाला काय वाटतं, आठच का?"

"केतकी, तू इकडे ये," एवढंच मी म्हणाले.

ती आली तेव्हा मी सगळं कबूल केलं. आधी तिचा चेहरा पडला, मग तिला हसू फुटलं. मग फायलीतून तिनं चाचणीच्या अहवालाचं शेवटचं पान काढलं. त्यावर बाहुल्यांची चित्रं होती, जिथे मार कमी तिथे हिरवा रंग, जिथे जास्त तिथे पिवळा, नारिंगी, लाल. मोठ्या माणसाचं चित्र बहुतेक हिरवं. बाजूला छोट्या पोराचं, आणि त्याची मान लाल.

"हे का नाही लावलं फलकावर?" मी विचारलं.

"सर म्हणाले, गिऱ्हाईक घाबरेल." मग तिनं बारीक अक्षरातल्या ओळीवर नखानं रेघ ओढली. "आणि मॅडम, हे तीन तारेसुद्धा लहान मुलांच्या खास सीटमध्ये पट्ट्यानं बांधलेल्या बाहुल्यांना मिळालेत. मांडीवर बसलेल्या मुलाची चाचणीच नसते. त्याला एकही तारा नाही."

पंचवीस वर्षं गाड्या विकून मला हे ठाऊक नव्हतं. ती सीट आमच्या स्टोअरमध्ये होती. तीन वर्षं खोक्यात पडून होती, आणि तिच्यावर आम्ही चहाची किटली ठेवत असू.

आदल्याच दिवशी बिराप्पांचा फोन येऊन गेला होता. सोमवारी गाडी न्यायला येतो, आणि नातीला म्होरं मांडीवर घेऊन पहिल्यांदा अक्कलकोटला जातो. आठ चांदण्यांच्या गाडीत भ्यायचं काय!

मी हिरेमठसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सांगा की. कोण न्हाय म्हणतंय? पण डिलिव्हरी झाल्यावर सांगा."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, त्या पानाची मोठी रंगीत प्रत काढली आणि मैंदर्गीची एसटी पकडली.

बिराप्पा दारातच कोकराच्या खुरातला काटा काढत बसले होते. मला बघून त्यांना वाटलं, गाडी लवकर आली. चहा झाला. मग मी कागद उलगडला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. आठ तारे नाहीत. तुमच्यासाठी पाच, रेणूसाठी तीन. तेसुद्धा ती सीटमध्ये बांधलेली असेल तर.

त्यांनी लाल मानेवर अंगठा ठेवला. "ही कुनाची?"

"पोराची."

"आन् मांडीवरल्या पोराला किती?"

"एकबी न्हाय, आबा."

रेणू अंगणात कोंबडीच्या मागे पळत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि कागदाची घडी घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई," ते म्हणाले, "मेंढरू लंगडं असलं की इकणारा त्येला उंच गवतात हुबं करतो. पाय दिसू नये म्हून. म्याबी केलंय दोन येळा, खोटं कशाला बोलू? पन समोरच्याच्या लेकराचा जीव कदी गवतात न्हाई लपवला."

मी रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"गाडीचं बुकिंग मोडू का?" मी विचारलं.

"ते मी बघतो. तुमी आदी माज्या सब्दावर जे तिघं आलं, त्येंस्नी सांगा. मी समद्या गावाला आठ म्हून सांगितलंय. उद्या बाजार हाय. तितं या अन् तुमच्या तोंडानं खरं काय ते फोडा."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात उभी राहिले. एका बाजूला मिरचीवाली, दुसऱ्या बाजूला दोरखंडवाला, मध्ये मी, हातात माणसाचं रंगीत चित्र. मागे बिराप्पा काठी टेकून उभे. गर्दी जमायला दोन मिनिटं लागली नाहीत.

एका म्हाताऱ्या बाईनं चित्रातल्या पिवळ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "कसं दिलं?"

"काय, आजी?"

"गुडघ्याचं औशिद."

दुसरा म्हणाला, मानंचं असेल तर दोन बाटल्या दे. मी घसा साफ करून सांगितलं, की औषध नाही, मी गाडी विकणारी बाई आहे आणि मी खोटं बोलले होते ते सांगायला आले आहे. हे ऐकून तर गर्दी दुप्पट झाली. व्यापारी स्वतःहून खोटं कबूल करतोय, असा बाजार त्या गावानं पाहिला नसावा. शोरूममधल्या चार फलकांपुढे जे कुणाला कळलं नव्हतं, ते त्या एका कागदापुढे दहा मिनिटांत कळलं. लाल मान बघून एका आईनं कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. मी मांडीवरचं पोर, खास सीट, पट्टा सगळं सांगितलं. जन्मात इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं.

बुकिंग केलेल्या तिघांपैकी दोघांनी तिथल्या तिथं गाडी रद्द केली. तिसरा डोकं खाजवत म्हणाला, "आठातल्या तीन गेल्या म्हनता. मग तीन चांदन्यांचं पैसं कमी करा की."

हिरेमठसाहेब मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझं टेबल विक्रीतून उचलून सर्व्हिसच्या काउंटरवर ठेवलं, जिथे लोक गाडी घेऊन नव्हे, तक्रार घेऊन येतात. पुढचे सगळे महिने मी तिथेच काढले.

बिराप्पा सोमवारी आले. गाडी घेतली, पण अट घातली, की सीट बसवून दाखवल्याशिवाय हार घालायचा नाही. किटली बाजूला करून खोकं उघडलं. शोरूममधल्या एकालाही ती बसवता येईना. पुस्तिका निघाली, ती चिनी आणि इंग्रजीत. शेवटी खुद्द हिरेमठसाहेब मागच्या सीटवर गुडघे टेकून आत शिरले आणि हुक शोधू लागले. पाऊण तास त्यांची फक्त पाठ दिसत होती. बिराप्पा बाहेर उभं राहून सूचना देत होते, "दाबा अजून. व्हय. मेंढीचं पोट दाबत्यात तसं." खट् असा आवाज आला तेव्हा सगळ्या शोरूमनं टाळ्या वाजवल्या.

केतकीनं पुण्यात खरं सांगितलं. सादरीकरण रद्द झालं. कंपनीनं खूप विचार करून फलकावर तारेच ठेवले. पण मोठ्यांचे आणि लहानांचे आता दोन वेगळ्या फलकांवर असतात, कुणाला बेरीज करता येऊ नये म्हणून. ते लाल मानेचं पान फलकावर कधीच आलं नाही. मी एक प्रत सर्व्हिस काउंटरच्या काचेखाली ठेवली. लेकरं घेऊन आलेल्यांना ती दाखवायची. आधी मला चार शिव्या मिळायच्या, मग सीटची किंमत विचारली जायची.

एक गाडी मात्र माझ्या हातून निसटली ती निसटलीच. ते बदलीवरचं जोडपं. मी फोन केला तेव्हा नंबर बंद. ऑफिसात चौकशी केली तर पुन्हा बदली झालेली, कुठे ते सांगेनात. रस्त्यात तसल्या रंगाची गाडी दिसली की आजही मी आधी पुढच्या सीटवर बघते.

नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एका सकाळी बिराप्पांची गाडी सर्व्हिसिंगला आली. सिद्धू चालवत होता, बिराप्पा पुढे, एकटे. मागच्या सीटवर आता दोन खास सीट होत्या. रेणूला भाऊ झाला होता. तो घरी होता. एका सीटमध्ये रेणू पट्टा लावून बसली होती. दुसऱ्या सीटमध्ये पांढरं कोकरू बसलं होतं. छातीवरून पट्टा, पुढचा पाय प्लास्टरमध्ये, चेहऱ्यावर कमालीचा वैताग.

"डाक्टरकडं न्हेलं हुतं," बिराप्पा ओशाळून म्हणाले. "मी म्हनलं, मांडीवर घेतो. तर ही पोरगी गाडी सुरू करू देईना."

कोकरू बें बें करायला लागलं. मला दया आली. मी आत वाकून पट्ट्याच्या बटणाला हात घातला, तशी रेणूनं माझी साडी ओढली.

"सोडायचं न्हाय, बाई! गाडी चालू हाय."

"अगं, उभी आहे की."

"इंजिन चालू हाय," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. सिद्धूनं किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं, आणि मगच तिनं मला मान हलवून परवानगी दिली.